डोंगराकडच्या भिंतीतला हात

भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो. माझ्या वहिनीच्या घरातल्या भिंतीला हात फुटला होता, आणि तो बघायला सकाळी आठपासून गल्लीत रांग लागत होती.

गल्ली डोंगराच्या अगदी पायथ्याशी होती. अठरा घरं, एकाला एक चिकटलेली, सगळ्यांची पाठ डोंगराकडे. रांगेत पहिला नंबर नेहमी टपालवाल्या आजोबांचा. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, तरी कुठेही वेळेच्या आधी पोचायची सवय सुटली नव्हती. त्यांच्यामागे शेजारची शिवणकामवाली, मग तिची गिऱ्हाइकं, मग बसमधून उतरून पत्ता विचारत आलेली अनोळखी माणसं. कोणी मोठ्यानं बोलत नसे. आत कोणी आजारी माणूस झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, असं सगळ्यांचं वागणं.

मागच्या खोलीत स्टुलावर तो बसलेला असायचा. नाव कोणी विचारलं तर म्हणायचा, "मला कसलं नाव. मी निरोप्या. तिकडचं इकडे सांगतो." मग सगळे त्याला निरोप्याच म्हणू लागले. धुतलेला पांढरा सदरा, नीट कापलेली नखं आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावंच लागायचं. माणूस एकदा वाकला की अर्धं काम झालं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"माणूस जातो, निरोप राहतो," तो सुरू करायचा. "निरोप राहतो तो भिंतीत मुरतो. भिंतीत मुरतो तो पाण्यानं फुलतो. आणि फुलतो कोणासाठी? ज्याचा विश्वास आहे त्याच्यासाठी. ज्याचा नाही, त्याला ती नुसती भिंत."

या शेवटच्या वाक्याची मला गंमत वाटायची. आपल्याला काही दिसलं नाही असं चारचौघांत कबूल करायची सोयच त्यानं ठेवली नव्हती.

मग तो बादलीतला स्पंज पिळायचा आणि भिंतीवरून सावकाश फिरवायचा. चुन्याची पांढरी भिंत ओली होऊन राखेसारखी काळवंडायची. त्या काळवंडलेल्या जागेतून, आधी तिथे काहीही नसताना, एक पांढरा पंजा वर यायचा. पाच बोटं पसरलेला उजवा हात. त्यातलं मधलं बोट आखूड.

मी शाळेत भूगोल शिकवते. भुतंखेतं, अंगात येणं, असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. पण पहिल्यांदा तो हात वर आला तेव्हा मी दाराची चौकट घट्ट धरली होती, हे सांगितलंच पाहिजे. माझ्या दादाचं उजव्या हाताचं मधलं बोट तुटकं होतं.

दादा खाणीत सुरुंग लावायच्या कामावर होता. खाण त्याच डोंगराच्या पोटात, गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर. हात दिसायच्या चार महिने आधी, दुपारच्या पाळीत खाणीची एक बाजू खाली आली. दोघे बाहेर निघाले, दादा निघाला नाही. बारा दिवस यंत्रं चालली. तेराव्या दिवशी आणखी दगड कोसळले आणि काम बंद झालं. आमच्या हातात त्याचा डबा आला आणि एक बूट.

ज्याचा देह दिसत नाही, तो माणूस पूर्ण मरत नाही. वहिनी दोन ताटं वाढायची, मग एक परत ठेवायची. सात वर्षांची माझी भाची दार वाजलं की आधी आईच्या तोंडाकडे बघायची आणि मग दाराकडे.

आणि त्याच सुमाराला त्या घरात काही ना काही घडायला लागलं.

आधी मागचं दार अडकायला लागलं. वर्षानुवर्षं एका बोटानं उघडणारं दार आता खांदा लावल्याशिवाय हलेना. टेबलावर ठेवलेली पेन्सिल नेहमी एकाच दिशेला, पुढच्या दाराकडे, गडगडत जायची. एका दुपारी स्वयंपाकघरातली एक फरशी फटकन आवाज करून आपोआप उचलली गेली. भिंतीत केसासारखी एक भेग उमटली, डोंगराकडून निघून घरात आलेली. आणि आवाज. भर दुपारी, गल्ली शांत असताना, जमिनीखालून कोणीतरी ठोकल्यासारखा आवाज. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

वहिनी मला म्हणाली होती, "आतून कोणीतरी ढकलतंय गं."

मी तेव्हा तिला काय सांगायला हवं होतं ते आता कळतं. तेव्हा मी तिच्याबरोबर त्या भिंतीला कान लावून बसले. अर्धा तास. आवाज आला तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरला. मी शिकलेली बाई, वर्गात पोरांना प्रश्न विचारायला लावणारी, पण त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात दादाला हाक मारत होते.

घर असं मऊ झालेलं असताना निरोप्या दारात आला. कुठून आला, कोणी पाठवला, कोणी विचारलं नाही. बुडत्याला काडीचा आधार पुरतो, काडी कुठल्या झाडाची ते तो विचारत नाही. त्यानं दार बघितलं, भेग बघितली, जमिनीला कान लावला आणि म्हणाला, "तो घराकडे निघालाय. डोंगरातून वाट काढत येतोय. रोज बोटभर. या भिंतीला आधी चुना द्या. मग मला एक दुपार इथे एकटा बसू द्या. ऐकायला."

वहिनीनं चुना दिला. तो दार लावून एक दुपार बसला. आत त्यानं कसलासा सुगंधी धूर केला होता. दुसऱ्या दिवशी भिंतीत हात आला.

त्यानंतर तो त्या घरातलाच झाला. जेवायला तिथे, बसायला तिथे. पायात नवे बूट आले. इतरांच्या मेलेल्या माणसांचे निरोपही तो त्याच हाताकडून घेऊ लागला. टपालवाल्या आजोबांना त्यांच्या बायकोचा निरोप रोज मिळायचा: औषध वेळेवर घ्या, गार पाण्यानं आंघोळ करू नका. कोणतीही बायको कोणत्याही नवऱ्याला सांगेल असं. पण आजोबा ते ऐकून लहान मुलासारखे मान हलवायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या नावानं काही आलं की किती बरं वाटत असेल.

मीही म्हटलं, चालू दे. वहिनीला झोप लागायला लागली होती.

मग एक दिवस त्यानं नवी आज्ञा काढली. "आता तो अगदी जवळ आलाय. कोणी घर सोडून जायचं नाही. या गल्लीतलं एक जरी घर रिकामं झालं, तरी त्याची वाट चुकेल."

त्याच आठवड्यात मी शाळेतून परतताना गल्लीच्या तोंडाशी थांबले. दिव्याचे खांब बघत. सहाच्या सहा खांब एकाच बाजूला कलले होते, डोंगराकडून रस्त्याकडे. खांब गंजून एखादा वाकतो. सहा खांब एका दिशेला वाकत नाहीत, जोवर त्यांच्या पायाखालची जमीनच सरकत नाही.

रविवारी सकाळी मी एकटीच डोंगर चढले. उतारावरची झाडं बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेली होती, जणू घसरत असताना तोल सावरत होती. गल्लीच्या वर साधारण दोनशे पावलांवर, झुडपांच्या मागे, मला ती सापडली. जमिनीला पडलेली भेग. लांबलचक, चंद्रकोरीसारखी वळलेली, आणि तिचा खालचा काठ वरच्या काठापेक्षा वीतभर खाली बसलेला. मी काठी घातली. काठी संपली, भेग संपली नाही.

त्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा दोन महिने जास्त चालला होता. खाणीनं डोंगराचा पायथा कुरतडला होता. वरच्या मातीत पाणी मुरत गेलं आणि खालच्या कातळाशी जाऊन थांबलं. आता अख्खा उतार, गल्लीच्या डोक्यावरचा, आपल्या जागेवरून सुटून सावकाश खाली येत होता. दार तोच ढकलत होता. फरशी त्यानंच उचलली होती. जमिनीखालचा टक् आवाज पाया ताणला गेल्याचा होता.

काहीतरी येत होतं हे वहिनीचं खरं होतं. रोज बोटभर येत होतं. फक्त तो दादा नव्हता.

मी सोमवारी तहसील कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "अर्ज ठेवून जा, पाहणीला माणूस पुढच्या आठवड्यात येईल." मी वहिनीकडे गेले. भिंतीतल्या भेगेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवली. "ही फुटली तर समज भिंत सरकतेय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पट्टीचे दोन तुकडे झाले होते.

"बघ," मी म्हटलं.

"बघितलं," वहिनी शांतपणे म्हणाली. "जवळ आलाय ना तो."

"वहिनी, डोंगर येतोय. मुलीला घेऊन माझ्याकडे चल."

"आणि तो आला आणि घरात कोणी नसलं तर?"

काच फुटली हे मी दाखवू शकत होते. पण तो हात रोज सकाळी भिंतीतून वर येत होता, आणि त्याच्यापुढे माझा भूगोल थिटा पडत होता.

घरी आले तर बाबा ओट्यावर बसले होते. माझे वडील. तीस वर्षं त्यांनी दगडाच्या फरशांना पॉलिश केलं. दगडाची भुकटी छातीत बसली आणि आता जिना चढायलाही त्यांना तीनदा थांबावं लागायचं. ते माझ्याकडे राहायचे. हात उमटला त्या पहिल्याच दिवशी ते गल्लीत गेले होते, ओल्या भिंतीवर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहिले होते, आणि त्यानंतर पुन्हा कधी गेले नव्हते. मला वाटलं होतं, त्यांना ते सोसत नाही.

मी सगळं सांगितलं. खांब, भेग, काच, वहिनीचं बोलणं. ते बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

"तो हात खोटा आहे," ते म्हणाले.

"मलाही वाटतं, पण..."

"वाटायचा प्रश्न नाही. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. हात लावताक्षणी."

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले.

"फरशीला पॉलिश झालं की वरून एक द्रव मारतात," ते म्हणाले. "डाग मुरू नये म्हणून. वाळलं की काही दिसत नाही, काही लागत नाही. पण त्यावर पाणी टाकलं की ते आत शिरत नाही, थेंब थेंब होऊन उभं राहतं. चुन्याची भिंत पाणी पिते म्हणून काळी पडते. जिथे तो द्रव मारलाय तिथे पीत नाही, म्हणून पांढरी राहते. पुठ्ठ्यातून हाताचा आकार कापायचा, आणि त्यातून ब्रश फिरवायचा. एका दुपारचं काम. वास येतो थोडा, म्हणून धूर केला असेल."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"त्या दिवशी तिनं चार महिन्यांनी पोटभर खाल्लं होतं," बाबा म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत. मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?" मग थोडं थांबून, श्वास जमवून, "आणि खरं सांगू? मलाही तो तिथे हवा होता."

बाबांच्या शेडमध्ये त्या द्रवाचा अर्धा डबा अजून होता. त्या संध्याकाळी त्यांनी एका फरशीच्या तुकड्याला चुना दिला. चुना वाळल्यावर तळहाताला द्रव लावून फरशीवर दाबला.

सकाळी आम्ही दोघं गल्लीत गेलो. बाबा चार ठिकाणी थांबले, पण फरशी मला उचलू देईनात. रांगेतल्या लोकांनी मुलाच्या बापाला वाट करून दिली. आत निरोप्याचं चालू होतं. "निरोप राहतो तो भिंतीत मुरतो..."

"थोडं थांबा," बाबा म्हणाले. "माझ्याकडेही एक निरोप आहे."

त्यांनी फरशी स्टुलाशेजारी भिंतीला टेकवून उभी केली. कोरी पांढरी. बादलीतला स्पंज घेतला आणि तिच्यावरून फिरवला. फरशी काळवंडली आणि तिच्यातून एक पंजा वर आला. सुजलेल्या सांध्यांचा, म्हातारा, रुंद. खोलीत कोणीतरी श्वास आत ओढला.

"हा कोणाचा?" बाबांनी विचारलं आणि आपला तळवा त्यावर ठेवला. तंतोतंत बसला. "मी तर अजून मेलो नाही."

निरोप्या घाबरला नाही, हे कबूल करायला हवं. "जिवंत माणसाचाही अंश दगडात उतरतो," तो हळू आवाजात म्हणाला. "बापाच्या दुःखानं..."

"अंश नाही, पॉलिशचा द्रव उतरलाय," बाबा म्हणाले. "काल संध्याकाळी. डबा घरी आहे. बाजारात कोणत्याही दगडवाल्याकडे मिळतो." मग लोकांकडे वळून, "या, बोट लावून बघा. दोन्हीकडे. इथेही आणि भिंतीवरही. पाणी कसं थेंब धरून बसलंय बघा."

कोणी पुढे होईना. मग शिवणकामवाली आली. कापड पारखावं तसं तिनं आधी फरशी चाचपली, मग भिंत. "सारखंच आहे," ती म्हणाली. "रेनकोटच्या कापडावर पाणी असंच थांबतं."

मागून एक माणूस हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला, असं काहीसं तो पुटपुटला. कोणी त्याला साथ दिली नाही.

बाबा भिंतीजवळ गेले. त्यांचा आवाज आता बसत चालला होता. "आणखी एक. माझ्या मुलाचं बोट माझ्या शेडमध्ये तुटलं. कटाईच्या चाकाखाली. मीच फडकं बांधलं. ते दुसऱ्या पेरापाशी तुटलं होतं. या भिंतीवर फक्त नखाचं पेर गेलंय. ज्यानं हे केलं त्याला बोट तुटकं आहे एवढंच कळलं होतं. किती, ते कोणी सांगितलं नव्हतं."

सगळे वहिनीकडे बघू लागले. ती कोपऱ्यात भाचीला पोटाशी धरून उभी होती.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी." तिनं निरोप्याकडे बघितलं नाही, बाबांकडेही नाही, त्या हाताकडे बघून ती बोलत होती. "मला वाटलं, तिकडे गेल्यावर थोडं वाढलं असेल."



निरोप्या उठला. "मी कोणाचं काय वाईट केलं?" तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज साध्या माणसासारखा आला. "तिला झोप लागत होती. या आजोबांना विचारा. तुम्ही काय देणार आता यांना?"

"मीही हेच म्हणून गप्प बसलो होतो," बाबा म्हणाले. "माझी चूक तुझ्याएवढीच आहे. पण तू त्यांना घर सोडू नका म्हणालास."

तो गर्दीतून बाहेर पडला. कोणी अडवलं नाही, कोणी मारलं नाही. नवे बूट दाराशीच राहिले.

वहिनीनं स्पंज उचलला, बादलीत टाकला आणि माझ्याकडे वळली. "हात खोटा. बरं. मग दार कोण ढकलतं?"

"चल, दाखवते," मी म्हटलं.

त्या सकाळी पन्नासेक माणसं माझ्यामागून डोंगर चढली. भेगेशी पोचल्यावर शिवणकामवालीनं गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंत हात आत घातला आणि पटकन बाहेर काढला. बाबा वर येऊ शकले नाहीत, पण त्यांनी खाली आधीच एक गोष्ट सांगून ठेवली होती. पॉलिश केलेल्या दोन फरशा एकमेकींवर ठेवल्या की जागच्या हलत नाहीत. त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की वरची फरशी एका बोटानं सरकते. मी लोकांना म्हटलं, खालचा कातळ ही एक फरशी, वरची माती ही दुसरी, आणि मध्ये दोन महिन्यांचं पाणी आहे. पृथ्वीची पाठ आपल्याला घट्ट वाटते कारण आपलं आयुष्य आखूड आहे. ती सतत हलते, झिजते, घसरते. बहुतेक वेळा इतकी सावकाश की आपण तिच्यावर घरं बांधतो. कधी कधी मात्र ती घाई करते, आणि त्याआधी दारं अडवून, फरशा उचलून सांगते. आपण ते सांगणं दुसऱ्याच कोणाचं तरी समजत होतो.

संध्याकाळपर्यंत अठराही घरं रिकामी झाली. शाळेचे चार वर्ग मी हेडबाईंना सांगून उघडून घेतले. भांडी, गाद्या, शिलाई मशीन, पिंजऱ्यातला पोपट, सगळं बाकांच्या मध्ये येऊन बसलं. वहिनी शेवटी निघाली. तिनं दार ओढून घेतलं, ते लागेना, आणि तिनं ते तसंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी फळ्यावर नदीचं वळण काढत होते. आधी काचा थरथरल्या. मग एक लांब, जड आवाज आला, कोणीतरी डोंगराएवढं कपाट जमिनीवरून ओढत नेल्यासारखा. आम्ही मैदानात धावलो तेव्हा गल्लीच्या जागी तांबड्या मातीचा एक ओला ढीग होता आणि त्यातून एका खांबाचं टोक वर आलं होतं.

मी माणसं मोजली. पुन्हा मोजली. टपालवाले आजोबा नव्हते.

शिवणकामवालीनं त्यांना सकाळी फाटकातून जाताना बघितलं होतं. फिरायला चाललोय म्हणाले होते. खिशातून घडी घातलेला कागद डोकावत होता. भिंतीपाशी जाऊन ते बायकोला काय सांगणार होते ते आम्हाला कळलं नाही. हात खोटा आहे हे त्यांनी आमच्याबरोबर उभं राहून ऐकलं होतं, स्वतः बोट लावून पाहिलं होतं. ते त्या दिवशी एक शब्दही बोलले नव्हते. आणि आम्ही, खरं सांगून झालं म्हणून, गाद्या उचलायला निघून गेलो होतो.

निरोप्याचा तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. तुम्ही काय देणार आता यांना? उत्तर त्याच्याकडे नव्हतंच, त्याच्याकडे फक्त पुठ्ठा आणि ब्रश होता. पण प्रश्न खरा होता, आणि त्या दिवशी तो आम्ही ऐकून सोडून दिला.

बाबा दुसऱ्या वर्षी गेले, अंथरुणातच. वहिनी आता माझ्याच शाळेत शिपाई आहे. दादा सापडला नाही. ती एकच ताट वाढते.

भिंतीवर असं काही दिसलं की आता लोक तिलाच बोलावतात. परवा बाजारातल्या एका घरातून बोलावणं आलं. त्यांच्या छतावर एक चेहरा उमटला होता, आणि घरातली बाई सांगत होती की ती तिची आई आहे. मीही गेले. वहिनी खुर्चीवर चढली. छताला बोट लावलं, बोटाचा वास घेतला, नखानं थोडं खरवडलं. "वर नळ आहे का?" तिनं विचारलं. होता. "गळतो?" गळत होता. छताच्या आतला क्षार ओलाव्याबरोबर बाहेर येऊन वाळत होता. फसवणारं कोणी नव्हतं तिथे, नुसतं पाणी होतं.

"म्हणजे आई नाही?" त्या बाईनं विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली. "आई नाही."

मग ती खुर्चीवरून उतरली आणि तीच खुर्ची ओढून त्या बाईसमोर बसली. "कशी होती तुमची आई? सांगा मला. मला घाई नाही." त्या बाईनं दोन तास सांगितलं. वहिनीनं दोन तास ऐकलं.

मला एवढंच सांगायचं आहे. भिंतीवर, जमिनीवर, दगडावर काही नवल दिसलं तर हात जोडण्याआधी हात लावून पाहा. ओलं आहे का, कोरडं आहे का, आधी तिथे कोण येऊन बसलं होतं, ते विचारा. जो विचारू नका म्हणतो, त्याला दोनदा विचारा. आणि कोणाच्या हातातला खोटा आधार काढून घेतलात, तर लगेच उठून जाऊ नका. तो हात थोडा वेळ तुमच्या हातात असू द्या.